कात्रजच्या ट्रंकेतील जर्मन पट्टा

पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर घाट चढण्यापूर्वी कात्रज लागते. नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास येथे तलाव बांधून शनिवारवाड्यापर्यंत पाणी नेले, म्हणून इतिहासाच्या पुस्तकात या गावाचे नाव येते. एरवी आजचे कात्रज म्हणजे वाहनांची रेटारेटी, दुधाची डेअरी आणि सर्पोद्यान. अशा ठिकाणी जर्मन लष्करी बंदुकीचा विषय निघेल, असे मला कधी वाटले नव्हते. तो निघाला एका ट्रंकेमुळे.

तलावाच्या बाजूला आमच्या घरोब्याचे एक कॅथलिक कुटुंब राहते. मूळचे नगर जिल्ह्यातले. गेल्या वर्षी घराची डागडुजी काढली, तेव्हा माळ्यावरची लोखंडी ट्रंक खाली आली. ती थोरल्या आजोबांची. आजोबा दुसऱ्या महायुद्धात लष्कराच्या वैद्यकीय दलात होते आणि इटलीत जाऊन आले होते. ट्रंकेत घोंगडीसारखे जाड ब्लँकेट, दोन पदके आणि मणी झिजलेली एक रोझरी होती. त्यांच्या खाली मेणकापडात गुंडाळलेल्या तीन वस्तू निघाल्या : बक्कल असलेला चामडी कमरपट्टा, एकमेकांना जोडलेल्या तीन लहान कप्प्यांची चामडी पिशवी आणि दोन्ही बाजूंनी झाकण असलेला, तळहातावर मावेल एवढा पत्र्याचा डबा. “काका, हे काय आहे ते जरा पाहता का? जुन्या बाजारातला एक व्यापारी चांगली किंमत देतो म्हणतो,” असे नातवाने मला विचारले.

डबा उघडताच उलगडा झाला. आत धातूच्या मण्यांची बारीक साखळी, दोन ब्रश आणि तेलाची चपटी डबी होती. जर्मन सैनिकाला रायफलची नळी साफ करण्यासाठी १९३४ च्या नमुन्याचा असा डबा मिळत असे. साखळी नळीतून ओढायची, तिच्या टोकाला ब्रश किंवा तागाचा बोळा लावायचा. पिशवीच्या प्रत्येक कप्प्यात पाच-पाच काडतुसांच्या दोन पट्ट्या बसतात. म्हणजे एका पिशवीत ३० काडतुसे, आणि पट्ट्याच्या दोन बाजूंना दोन पिशव्या मिळून ६०. एका कप्प्याच्या तळाशी पितळी पट्टी होती, रिकामी. थोडक्यात, रायफल तेवढी नव्हती. तिच्या भोवतीचे साहित्य होते. यात नवल काही नाही. युद्धावरून परतणाऱ्या शिपायाला रायफल घरी आणता येत नसे, पण पट्टा, बक्कल, पिशवी सामानात सहज मावत. परदेशांत जुन्या जर्मन रायफली जमवणारे संग्राहक आहेत. ते पुष्कळदा रायफल आधी मिळवतात आणि मग तिच्या काळाचा पट्टा, संगीन, डबा शोधत वर्षे घालवतात. आमच्या कात्रजच्या घरात ही गाडी उलट्या दिशेने आली होती.

ज्या रायफलीसाठी हा डबा होता, तिचे मूळ शोधत गेले की माणूस एका मठात जाऊन पोहोचतो. दक्षिण जर्मनीत नेकार नदीकाठी ओबेर्नडॉर्फ नावाचे गाव आहे. तेथे ऑगस्टिनियन संघाचा मठ होता. नेपोलियनच्या काळात मठाची मालमत्ता सरकारजमा झाली आणि व्युर्टेंबर्गच्या राजाने त्या इमारतीत बंदुकांचा कारखाना घातला. प्रार्थनेच्या घंटेच्या जागी भोंगा आला, असे म्हणण्याचा मोह होतो. त्या काळी भोंगे नव्हते, एवढेच. त्याच कारखान्यातील एका कारागिराच्या तेरा मुलांपैकी विल्हेल्म आणि सर्वांत धाकटा पाउल हे माउझर बंधू. त्यांनी रचलेली एकेरी गोळीची रायफल नव्या जर्मन साम्राज्याने १८७१ मध्ये स्वीकारली आणि १८७४ मध्ये कारखानाच या भावांच्या ताब्यात आला. पुढे पाउलने १८९८ मध्ये जी रायफल दिली, तिचा बोल्ट इतका भरवशाचा निघाला की जगभरच्या शिकारी बंदुका आजही त्याच रचनेवर बनतात. पाच गोळ्यांची, ७.९२ मिलिमीटर तोंडाची, सव्वा मीटर लांबीची ही बंदूक पहिल्या महायुद्धातील जर्मन पायदळाचे मुख्य शस्त्र ठरली. पाउल माउझर मात्र मे १९१४ मध्ये, युद्ध पेटण्याच्या काही आठवडे आधी वारला. दुसऱ्या महायुद्धातली रायफल हिचीच आखूड केलेली बहीण. ती १९३५ मध्ये आली आणि सुमारे १ कोटी ४० लाख बनवल्या गेल्या. आमच्या ट्रंकेतील डबा या धाकटीचा.

संग्राहक या रायफली पाहतात म्हणजे मुख्यतः त्यांच्यावरचे ठसे वाचतात. नळी जेथे लाकडात बसते, तेथे कारखान्याचे नाव आणि साल. जुन्या रायफलीच्या दस्त्यावर धातूची एक गोल चकती आणि तिच्यावर पलटणीचा, कंपनीचा क्रमांक. बोल्ट, साचा, नळी यांवर एकच अनुक्रमांक. तीनही ठिकाणी क्रमांक जुळले तर वस्तू अस्सल व अखंड; न जुळले तर कोणी तरी तुकडे जोडून उभी केलेली. दुसऱ्या युद्धाच्या वेळी कारखान्यांची नावे गुप्त ठेवण्यासाठी तीन अक्षरांचे संकेत वापरत. ‘बीवायएफ’ म्हणजे ओबेर्नडॉर्फचा माउझर कारखाना. ‘बीसीडी’ म्हणजे वायमारची गुस्टलोफ कंपनी. तिचा एक कारखाना बूखेनवाल्डच्या छळछावणीला लागून होता आणि तेथे कैद्यांकडून काम करून घेतले जाई. ‘बीएनझेड’ या ऑस्ट्रियातील श्टायर कंपनीच्या संकेतामागे माउटहाउझेन-गुसेन छावणीतले कैदी आहेत. लाकूड किती चकाकते, यावर तासभर बोलणारे संग्राहक असतात; मला तो ठसा वाचल्यावर लाकडाकडे पाहवत नाही.

आता, या रायफलीचा आणि मराठी माणसाचा संबंध काय? तो तीन-चार वाटांनी आला आणि बहुतेक वेळा रायफलीचे तोंड आपल्याकडे होते.

पहिली वाट आफ्रिकेची. ऑक्टोबर १९१४ मध्ये मुंबईहून हिंदी सैन्याची एक तुकडी जर्मन पूर्व आफ्रिकेवर निघाली आणि नोव्हेंबरच्या आरंभी टांगा बंदरावर उतरली. समोर लेटो-फोर्बेकचे आफ्रिकी शिपाई होते. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या हाती १८७१ च्या नमुन्याची जुनीच रायफल होती. तिच्यात काळी दारू. बार काढला की पांढऱ्या धुराचा लोट उठे आणि शिपाई कोठे दडला आहे ते उघड होई. धुराच्या बाबतीत आपल्या कात्रजची आख्यायिका नेमकी उलटी आहे. १६६३ मध्ये शाहिस्तेखानावर छापा घातल्यावर महाराजांच्या माणसांनी कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पलिते बांधून मोगलांना भलत्याच वाटेवर पाठवले, असे सांगतात. टांग्याला धुराने शत्रूचा ठावठिकाणा सांगूनही इंग्रज सेनापतींना त्याचा उपयोग झाला नाही. ५ नोव्हेंबरला तुकडी पुन्हा जहाजांवर चढली तेव्हा किनाऱ्यावर ४५५ रायफली, १६ मशिनगन आणि ६ लाख काडतुसे मागे राहिली. जर्मनांनी त्यांवर आपल्या तीन कंपन्या नव्याने सज्ज केल्या.

दुसरी वाट मेसोपोटेमियाची, आणि हिच्यात पुण्याचे नावच गोवलेले आहे. १९१४ च्या नोव्हेंबरात इराणच्या आखाताच्या टोकाशी उतरलेल्या सैन्याचे नाव होते सहावी, अर्थात ‘पूना’ डिव्हिजन. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी तिच्यात होत्या. घाटापलीकडच्या सातारा जिल्ह्याने त्या युद्धात किती माणसे दिली, हे अपशिंगे या एकाच गावावरून कळते. तेथील ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. तुर्की शिपायाच्या हाती कोणती रायफल होती? माउझरच. तुर्कस्तानच्या सुलतानाने १८८७ पासून ओबेर्नडॉर्फला लाखोंच्या मागण्या नोंदवल्या होत्या. त्या रायफलींवर सुलतानाची मोहर आणि अरबी लिपीतले अंक असत, पोलाद मात्र नेकारकाठचे. कूट-अल-अमारा येथे पूना डिव्हिजनला डिसेंबर १९१५ पासून वेढा पडला. वेढा घालणाऱ्या तुर्की सैन्याचा वरिष्ठ सेनानी जर्मन फील्ड मार्शल फॉन डेर गोल्ट्स होता. तो शरणागतीच्या दहा दिवस आधी बगदादला आजाराने मरण पावला. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० माणसे शरण गेली. त्यांपैकी किती तरी पुढच्या वाळवंटातील पायपिटीत आणि कैदेत मेली. खडकीच्या युद्धस्मशानभूमीत आपण कधी गेलो तर तिकडच्या कबरी पाहून हळहळतो. कूटच्या वाटेवर पडलेल्यांना कबर मिळाली नाही.

नेमक्या याच काळात आपल्या पुणे धर्मप्रांतात काय चालले होते, ते येथे सांगितले पाहिजे. पुण्याचे मिशन १८५४ पासून जर्मन जेझुइटांकडे होते. १८८६ मध्ये धर्मप्रांत झाला तेव्हा पहिले बिशप बायडरलिंडेन, आणि त्यांच्यानंतर १९०७ मध्ये आलेले बिशप डोरिंग, दोघेही जर्मन. मराठीत ‘निरोप्या’ मासिक १९०३ मध्ये सुरू केले ते याच डोरिंगांनी. नगर जिल्ह्याच्या खेड्यांत ज्यांनी शाळा काढल्या, दुष्काळात धान्य वाटले, मराठी व्याकरण घोकले, ते फादर १९१४ मध्ये एका रात्रीत ‘शत्रूराष्ट्राचे नागरिक’ झाले. नगरच्या छावणीत जर्मनांना कोंडले गेले आणि १९१५-१६ मध्ये ‘गोलकोंडा’ जहाजाने मिशनरींना मायदेशी पाठवले गेले. ज्या खेड्यांतून फादर गेले, त्यांच्याच आसपासच्या खेड्यांतून भरतीची माणसेही गेली. डोरिंग यांना १९२१ मध्ये जपानमधील हिरोशिमा येथे नेमण्यात आले. ते १९२७ मध्ये पुण्याला परतले आणि १९४८ पर्यंत येथे धर्माधिकारी होते. ट्रंकवाल्या आजोबांचे दृढीकरण त्यांच्याच हातून झाले होते, असे घरात सांगतात. ज्या हातांनी कपाळाला तेल लावले ते जर्मन, आणि पुढे ज्यांच्या गोळ्यांनी फुटलेली शरीरे बांधायची तेही जर्मन. आजोबांनी यावर कधी भाष्य केल्याचे कोणाला आठवत नाही. इटलीविषयी ते फक्त चिखल, थंडी आणि पाव देणारी एक म्हातारी एवढेच बोलत.

तिसरी वाट ही इटलीची. चौथी, आठवी आणि दहावी या तीन हिंदी डिव्हिजन तेथे लढल्या. माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे यांची गोष्ट पुष्कळांना ठाऊक आहे. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीतील जवळजवळ सारे जवान मशिनगनच्या माऱ्यात पडले. घाडगे एकटे धावले, हातबॉम्ब टाकला, आणि नवे काडतूसघर बसवायला वेळ नाही म्हणून बंदूक उलटी धरून दस्त्याने उरलेल्या दोघांना लोळवले. त्यानंतर दबा धरून बसलेल्या जर्मन नेमबाजांनी त्यांना छातीत आणि पाठीत टिपले. वय बावीस. त्यांचा देह सापडला नाही. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मोन्तोने या तेथील गावाने २०२३ मध्ये त्यांच्या नावे स्मारक म्हणून सूर्यघड्याळ उभारले. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे शब्द त्याच्यावर कोरले आहेत. नगर जिल्ह्यातील निमजचे नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी दोन जखमी सोबत्यांना पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून उचलून मागे आणले आणि मग तीन मशिनगन ठाणी मोडली. तेही व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी. ते मात्र घरी परतले आणि १९८४ मध्ये पुण्यात वारले. जखमींना उचलून आणणे हे आजोबांचेही रोजचे काम होते, त्यात पदके क्वचितच मिळत.

गोव्याची वाट थोडक्यात सांगतो. पोर्तुगालने १९०४ मध्ये व्हेर्गेइरो नावाच्या आपल्या अधिकाऱ्याने सुधारलेली माउझर स्वीकारली आणि बर्लिनच्या कारखान्याकडून १ लाख नग घेतले. १९३७ पासून त्यांच्या सैन्यात जर्मनांचीच आखूड माउझर आली. तेव्हा १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला त्या वेळीही पोर्तुगीज सैन्याची नेहमीची रायफल मुळात ओबेर्नडॉर्फच्या घराण्यातलीच होती.

एवढे सांगून झाल्यावर नातवाने व्यवहाराचा प्रश्न विचारला : अशी रायफल आपल्याकडे कोणी जमवू शकतो का? आपल्याकडे हा छंद परदेशासारखा मोकळा नाही, आणि ते बरेच आहे असे माझे मत आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या ४५ व्या कलमात जुन्या घडणीच्या किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या शस्त्राला सूट आहे, परंतु एका अटीवर : ते दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येऊ नये. माउझर शंभर वर्षांची झाली तरी चालते. तेव्हा केवळ वयावर ती सुटत नाही, परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात. शिवाय १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांवरची वस्तू ‘पुरावस्तू’ ठरू शकते आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. चामडी पट्टा, पिशवी, साफसफाईचा डबा ही शस्त्रे नव्हेत. पण जुन्या पिशवीत जिवंत काडतूस निघाले तर त्याला हात न लावता पोलीस ठाण्याला कळवावे. माळ्यावर लष्करी ट्रंका असलेली घरे आपल्यांत थोडी नाहीत, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

पुण्याला संग्राहकाचा आदर्श शोधायला लांब जावे लागत नाही. दिनकर केळकर यांनी आयुष्यभर दिवे, अडकित्ते, दौती, दरवाजे, शस्त्रे गोळा केली, बालवयात गेलेल्या राजा या मुलाचे नाव संग्रहाला दिले आणि तो सारा ठेवा महाराष्ट्र सरकारला देऊन टाकला. त्यांच्या संग्रहात राजवाड्यांपेक्षा स्वयंपाकघर जास्त आहे. लष्करी वस्तूंचेही तसेच असावे असे मला वाटते. रायफल कोणत्याही पुस्तकात सापडते. तेलाची डबी, जिच्या झाकणावर कोणाच्या तरी अंगठ्याने रंग उडाला आहे, ती सापडत नाही.

आणि आता ते बक्कल. पोलादी, करड्या रंगाचे अवशेष राहिलेले. मधोमध गरुड, त्याच्या नखांत स्वस्तिक, आणि वर कमानीत तीन जर्मन शब्द : ‘गोट मिट उन्स’. अर्थ : देव आमच्यासंगे. नाताळात आपण ज्या इम्मानुएल नावाचा उच्चार करतो, त्याचाही हाच अर्थ. हे वाक्य हिटलरचे नव्हे. प्रशियाच्या शिपायाच्या पट्ट्यावर ते फार पूर्वीपासून होते. कॅथलिक बव्हेरियाच्या पट्ट्यावर ‘निष्ठेत अढळ’ अशा अर्थाचे शब्द असत. हिटलरच्या काळात जुने वाक्य तसेच ठेवून त्याखाली नवा गरुड बसवला, एवढेच. पोप अकरावे पायस यांचे नाझी राजवटीची कानउघाडणी करणारे जर्मन भाषेतील परिपत्रक १९३७ च्या झावळ्यांच्या रविवारी जर्मनीतील कॅथलिक चर्चमधून वाचले गेले. ते ऐकलेली तरुण मुलेही दोन वर्षांनी हाच पट्टा कमरेला बांधून निघाली. युद्धानंतरच्या पश्चिम जर्मन सैन्याने ते शब्द काढले आणि ‘ऐक्य, न्याय आणि स्वातंत्र्य’ हे घातले.

घरातल्या आजी, म्हणजे आजोबांच्या सूनबाई, आता स्वतः सत्तरीच्या आहेत. बक्कल हातात घेऊन त्या म्हणाल्या, “हे तर स्वस्तिक. आम्हांला वाटलं, मामंजींना कुणा मराठा जवानानं आठवण म्हणून दिलं असेल.” मी अर्थ सांगितला. त्यांनी बक्कल पुन्हा कापडावर ठेवले आणि विचारले, “मग ते त्यांनी मेलेल्याच्या अंगावरून काढलं, की जखमीनं दिलं?”

या प्रश्नाचे उत्तर ठशांत नसते. पिशवीच्या मागच्या बाजूला चामड्यावर ‘१९४१’ असे साल दाबलेले आहे. पट्ट्याच्या आतल्या अंगाला कमरेच्या मापाचा आकडा आहे, आणि मापावरून तो माणूस सडपातळ होता एवढे दिसते. चामड्यावर एका ठिकाणी चाकूने जादा भोक पाडले आहे. युद्धाच्या शेवटी शेवटी जर्मन शिपायांचे पोट आत गेले होते, तेव्हा ते त्याने पाडले असेल. किंवा आजोबांनी पुढे तो पट्टा स्वतः वापरला असेल. दोन्ही शक्य आहे. वैद्यकीय दलाच्या माणसाकडे जखमी शत्रूही येत, आणि जखमीला झोपवताना पट्टा आधी काढावा लागतो.

जुन्या बाजारातल्या व्यापाऱ्याला नकार द्यावा, असे मी सुचवले. अशा बक्कलांच्या नकला बाजारात ढिगाने मिळतात. ट्रंकेतून निघालेल्या खऱ्या वस्तूलाही, तिच्यासोबतची हकिगत सुटली की, नकलेएवढीच किंमत उरते. बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्राचे स्वतःचे संग्रहालय आहे. घरच्यांनी ठरवले तर तेथे पत्र लिहिता येईल. नातवाचे मन अजून पैशाकडे थोडे ओढते आहे. घराची दुरुस्ती अर्धवट आहे, त्यामुळे त्याला दोष देववत नाही.

निघताना एवढेच सांगून आलो : चामड्याला खोबरेल तेल लावू नका, बक्कल घासून चकचकीत करू नका, पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका, सुती कापडात ठेवा. आणि एका कागदावर आजोबांचे नाव, लष्करी क्रमांक, भरतीचे आणि परतीचे साल, त्यांनी सांगितलेली म्हातारीची आणि पावाची गोष्ट लिहून तो कागद डब्यासोबत ठेवा. आजींनी त्याच संध्याकाळी वहीचे पान फाडून लिहायला घेतले. “जर्मन शिपाई” असे लिहून त्यांनी पुढे नावासाठी जागा मोकळी सोडली आणि पान डब्याखाली ठेवले.